घड्याळाला खोळ

अख्ख्या कोल्हापुरात सिनेमा बघणारा माणूस एकच आहे आणि तो आमच्या हिचा मामा आहे. बाकीचे आपण थेटरात जातो, बसतो, खातो, अधूनमधून पडद्याकडे नजर टाकतो आणि बाहेर येऊन 'बरा होता' म्हणतो. त्याला बघणं म्हणत नाहीत, असं मामांचं मत आहे, आणि अठरा वर्षं त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसून मलाही ते पटलं आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला सिनेमाला नेलं, तेव्हा नव्या जावयाचा पाहुणचार चाललाय अशा समजुतीत मी होतो. खरं म्हणजे ती परीक्षा होती. मध्यंतरापर्यंत मी दोनदा बोललो आणि एकदा खोकलो. बाहेर आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "पावणं, खोकल्याचं औषध घ्या." बोलण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण पुढच्या शुक्रवारी मला बोलावणं आलं नाही. ते आलं महिन्याने, आणि त्या महिन्यात मी काय समजायचं ते समजलो.

मामांचं शिवाजी पेठेत शिलाईचं दुकान आहे. पेठेत कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात, त्यांच्या जर्सी आणि चड्ड्या ते शिवतात. ज्या दोन संघांचे पाठीराखे एकमेकांच्या गल्लीतून जाताना मान खाली घालत नाहीत, त्या दोन्ही संघांचे कपडे मामांच्या एकाच मशीनवर, एकाच दोऱ्याच्या रिळावर शिवले जातात. ही गोष्ट दोन्हीकडच्यांना माहीत आहे आणि दोन्हीकडचे ती माहीत नसल्यासारखे वागतात, कारण मामांच्या हातची शिलाई धसमुसळ्या खेळातही उसवत नाही. पण शुक्रवारी दुपारी दोन वाजता दुकानाचं शटर खाली येतं. एकदा ऐन हंगामात एका संघाचा कॅप्टन गोलकीपरची जर्सी घेऊन धावत आला. दुसऱ्या दिवशी सामना आणि जर्सीच्या पाठीवर नंबरच नाही. मामा शटरला कुलूप घालत होते. ते म्हणाले, "उद्या सकाळी ये. आज मी न्हाय." तो म्हणाला, "मामा, तुम्ही तर समोर हाय की." मामा म्हणाले, "दिसतोय. पन न्हाय." गोलकीपरचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बसला, आणि सामना जिंकल्यावर त्याच कॅप्टनने आणलेले पेढे मामांनी सहा दिवस पुरवून खाल्ले.

शुक्रवारचा तीनचा खेळ बघायचा म्हणजे मामांची तयारी सकाळपासून असते. जेवण हलकं, कारण जड जेवलं की पेंग येते. एक वाजल्यानंतर पाणी नाही, कारण मध्येच उठावं लागतं. खायला खिशात भाजलेले शेंगदाणे, पण टरफलं घरीच काढलेली, आणि ते ठेवायला जुन्या धोतराच्या मऊ कापडाची पिशवी, कारण प्लॅस्टिकची पिशवी थेटरात पावसासारखी वाजते. त्यांच्या डाव्या हाताला त्यांची लेक मनीषा. मामींना सिनेमात झोप लागते, म्हणून ती सहा वर्षांची असल्यापासून मामा तिलाच बरोबर नेत आले. बापाच्या तालमीत तयार झालेली ही पोरगी भीतीच्या प्रसंगालाही किंचाळत नाही, मामांची बाही धरते आणि सीन संपला की सोडते. त्यांच्या सगळ्या शर्टांची डावी बाही उजवीपेक्षा जरा सैल झालेली आहे. शिंप्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटणं शक्य नाही, पण ती त्यांनी कधी दुरुस्त केली नाही.

अंधाराबद्दल मामांची काही ठाम मतं आहेत. "थेटरातला अंधार म्हंजे येकसंध कापड हाय बगा," असं ते मला सांगायचे. "कुणी फोन काढला की त्याला भोक पडतंय. आनि येक भोक पडलं की समद्यांची नजर त्या भोकावर." बाकीची माणसं अशा वेळी 'शुक् शुक्' करतात, कुणी मागून खुर्चीला लाथ मारतो, कुणी फोन बंद कर म्हणून ओरडतो आणि स्वतःच दुप्पट गोंधळ घालतो. मामांची रीत निराळी. ते वाकून, जवळजवळ रांगत, त्या माणसाच्या खुर्चीशी जातात, उकिडवे बसतात आणि अगदी काळजीच्या आवाजात विचारतात, "घरी समदं ठीक हाय न्हवं?" त्यात टोमणा नसतो, हे मी शपथेवर सांगेन. घरी काही झाल्याशिवाय माणूस सिनेमात फोन काढेल, हे मामांना खरोखरच पटत नाही. समोरचा ओशाळतो, "ठीक हाय, ठीक हाय" म्हणतो आणि फोन खिशात जातो. एकदा मात्र एक तरुण ओशाळला नाही. तो सरळ म्हणाला, "ठीक हाय ओ, मॅचचा स्कोर बघतोय." मामांनी विचारलं, "किती झालं?" त्याने सांगितलं. मामा तो आकडा घेऊन तसेच वाकत वाकत रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि प्रत्येकाच्या कानात स्कोर सांगून आले. "आता कुणी बगू नका. मध्यंतरात परत बगू." त्या रांगेत पुढे एकही फोन पेटला नाही.

मग मनगटावरची घड्याळं आली. फोन निदान खिशातून काढावा तरी लागतो. हे घड्याळ हात उचलला की आपोआप पेटतं, आणि पॉपकॉर्न खाणारा माणूस हात किती वेळा उचलतो याचा हिशेब कुणी करू नये. पहिले दोन-तीन शुक्रवार मामा फारच अस्वस्थ होते, कारण आता कुणाला विचारायची सोय उरली नव्हती. ज्याच्या हातावर उजेड पडतो त्याला तो दिसतच नाही, त्याचं लक्ष पडद्याकडे असतं, आणि त्याच्या मागच्या चार रांगांचं लक्ष त्याच्या कोपराकडे. मामांनी माझं घड्याळ मागून घेतलं आणि आठ दिवस ते उलटसुलट करून बघितलं. ते घड्याळ मी चालायला लागावं म्हणून हिने मला दिलेलं होतं आणि मी ते घालून बसत होतो. त्यांना स्वतःच्या फोनवरून मेसेज पाठवता येत नाही, पण कुठल्या घड्याळात बोट कुठून कुठे ओढलं की उजेड बंद होतो, हे त्यांना तेवढ्यात पाठ झालं. पुढच्या शुक्रवारी ते दाराशी उभे. "पावणं, जरा हात बगू. वरनं खाली वडा. त्ये दोन मुखवट्यांचं चित्र हाय न्हवं, त्येच्यावर दाबा." माणसं त्यांना थेटरातला नोकर समजायची आणि निमूट हात पुढे करायची. थेटरातले नोकर त्यांना घड्याळाच्या कंपनीचा माणूस समजायचे आणि खुर्ची आणून द्यायचे.

पण घड्याळं शंभर जातींची आणि खेळाला उरलेली पाच मिनिटं. शेवटी मामांनी आपल्या हातातली विद्या कामाला लावली. दुकानात जर्सीच्या कापडाचे तुकडे पोत्याने पडलेले असतात. त्यांच्या चार बोटं रुंद खोळी शिवल्या, दोन्ही काठांना इलॅस्टिक घातलं आणि पिशवी भरून थेटरात आणली. घड्याळावर चढवली की आत काय पेटायचं ते पेटो. खेळ सुटला की दाराशी पिशवी धरून उभं राहायचं आणि खोळी परत घ्यायच्या. कल्पना उत्तम होती आणि पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. तिसऱ्या आठवड्यात मामांच्या हातून जी चूक झाली ती पुण्यामुंबईच्या माणसाला शोभली असती, पेठेतल्या शिंप्याला नाही. त्यांनी कापडाकडे कापड म्हणून बघितलं. उशिरा येऊन बसलेल्या, जांभळ्या तालमीच्या एका कट्टर पोराच्या मनगटावर त्यांनी पोपटी खोळ चढवली. पोराने ती सापासारखी झटकली. "मामा, मनगट तोडा, पन ह्यो रंग घालणार न्हाय." ती खोळ उडून पडली ती नेमकी पोपटी तालमीच्या माणसाच्या मांडीवर. "आमचा रंग टाकून देतोस व्हय रं?" असं म्हणून तो उठला. पुढच्या पाच मिनिटांत दोन्हीकडची मिळून वीसेक माणसं उभी, पडद्यावर नायिकेचं लग्न लागतंय आणि खाली घोषणा चाललेल्या. दिवे लावावे लागले. मामा मधल्या वाटेत उभे राहून हात जोडून सांगत होते, "अरं बाबांनो, दोन्ही मीच शिवलंय." त्यांचं कोण ऐकतो.

पुढच्या शुक्रवारी मामा सगळ्या खोळी काळ्या अस्तराच्या शिवून घेऊन आले. काळ्याला कुठलीही तालीम नसते. रांगेतल्या पन्नासएक माणसांनी मनगटावर त्या चढवल्या, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी थेटरचे मॅनेजर घाम पुसत आत आले. मनगटाला काळी फीत म्हणजे निषेध, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं. "मंडळी, मागणी काय हाय तुमची? फुडारी कोण?" सगळ्यांनी मामांकडे बोट केलं. मामा उठून म्हणाले, "मागणी काय न्हाय सायेब. दिवं घालवा आनि सुरू करा." मॅनेजरना हे उत्तर फार कडक वाटलं. त्यांनी मामांना ऑफिसात नेऊन चहा पाजला. या चहापायी पहिली तीन मिनिटं हुकली, आणि मामा अजून त्या सिनेमाचं नाव काढत नाहीत.

असा माणूस लेकीसाठी स्थळ कसं बघणार? पोह्यांच्या बशीसमोर माणूस कळत नाही, तीन तास अंधारात शेजारी बसला की कळतो, असं मामांनी जाहीर केलं. सांगून आलेल्या मुलाला ते शुक्रवारी तीनला बोलवायचे. मी मध्यस्थ म्हणून हजर. पहिल्या मुलाने पडद्याचा फोटो काढला. दुसऱ्याने पुढे काय होणार ते मोठ्याने सांगितलं, आणि तेही चुकीचं. तिसऱ्याच्या खिशात फोन वाजला आणि त्याने तो घेऊन "पिच्चरमध्ये आहे, बोल" म्हटलं. तिघांनाही मामांनी दाराशी नमस्कार केला आणि विषय संपला. तिघांच्याही नकाराला मनीषाने हरकत घेतली नव्हती. चौथ्या वेळी मात्र ती आदल्या दिवशी माझ्याकडे आली. मुलगा गडमुडशिंगीचा, जनावरांचा डॉक्टर. दोघं आमच्या हिच्या मध्यस्थीने दोनदा भेटली होती, आणि मनीषाच्या बोलण्यावरून तिचं मन बसलंय हे मला दिसत होतं.

"दाजी, त्यांच्या हातात घड्याळ असतंय," ती म्हणाली. "गोठेवाल्यांचे मेसेज त्याच्यावरच येतात. बंद ठेवलं तर कुणाचं तरी जनावर जाईल. चालू ठेवलं तर हे स्थळ जाईल."

मी म्हणालो, मामांना आधी सांगून ठेवू. तिने मान हलवली. "आधी सांगितलं तर आण्णा माझ्यासाठी सूट देतील. आणि जन्मभर मनात ठेवतील. तसं नको."

शुक्रवारी दाराशी मामांनी डॉक्टरच्या मनगटावर स्वतः खोळ चढवली. डॉक्टरने ती बँडेज तपासावं तशी तपासली आणि "चांगली बसलीय" म्हणाला. सिनेमा सुरू झाला. अर्ध्या तासाने घड्याळ थरथरलं असावं, कारण डॉक्टरने खोळीचा काठ हळूच उचलला आणि निळसर उजेडाची एक चीर पडली. थोड्या वेळाने पुन्हा. मी मामांकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते, पण शेंगदाण्यांच्या पिशवीतला त्यांचा हात बाहेर येत नव्हता. 'घरी समदं ठीक हाय न्हवं' हेही त्यांनी विचारलं नाही, आणि ते फार वाईट लक्षण होतं. तिसऱ्यांदा उजेड पडला आणि लगेच विझला, कारण मनीषाने त्या घड्याळावर आपला तळहात ठेवला होता. तो तिने काढलाच नाही. इतकी वर्षं बापाची बाही धरणारा तो हात होता. चौथ्या थरथरीला डॉक्टर तिच्या कानाशी दोन शब्द बोलला, उठला आणि अंधारात निघून गेला.

मध्यंतराला दिवे लागले तरी मामा जागचे उठले नाहीत. मनीषा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग खालमानेनेच म्हणाली, "कळंब्याला म्हस अडलीय, आण्णा. रेडकू आडवं आलंय." मामांनी ते ऐकलं आणि मला विचारलं, "पावणं, त्यो उठला तवा किती वाकला, बगितलासा?" मी म्हणालो, नाही. "पार गुडघ्यापतुर. मागच्या येकाच्या बी आड आला न्हाय. दार उगडलं, दार लागलं, त्येच्यानंतर फोनवर आवाज आला त्याचा. मी कान दिऊन हुतो." मी विचारलं, "म्हणजे तेवढा वेळ सिनेमा बघितला नाही तुम्ही?" मामा जरा ओशाळले. "न्हाय. चार मिंटं गेली माझी." त्यांनी शेंगदाण्यांची पिशवी उघडली आणि पहिली मूठ मनीषाच्या हातावर ठेवली. पण ती खाईना, कारण बाप अजून हो म्हणाला नव्हता.

सिनेमा सुटून आम्ही बाहेर आलो तर डॉक्टर पायऱ्यांवर बसलेला. बाह्या कोपराच्या वर, पँट गुडघ्यापर्यंत शेणामातीने भरलेली. आम्हाला बघून तो उठला.

"म्हस?" मामांनी विचारलं.

"बरी हाय. रेडी झाली."

"कवा आलासा?"

"अर्धा तास झाला."

"मग आत का न्हाय आलासा? तिकीट हुतं की."

"शेवट चालू हुता," डॉक्टर म्हणाला. "मधनंच दार उगडलं की आत उजेड पडतोय. आनि अंगाला वास बी मारतोय माझ्या. लोकांचा पिच्चर कशाला घालवायचा?"

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणं, ह्यांच्या घरला फोन लावा. आत्ताच्या आत्ता." एवढं बोलून ते रस्त्यापलीकडे गेले आणि कागदाच्या पुडीतून चार भजी घेऊन आले. डॉक्टरचे हात खराब म्हणून पहिलं भजं त्यांनी त्याला स्वतः भरवलं. मनीषा तेव्हा हसली. त्या दिवशी हा विक्षिप्त म्हातारा मला जितका आवडला तितका मला माझ्या सख्ख्या माणसांतही कुणी क्वचितच आवडला असेल.

लग्न झालं. गडमुडशिंगी काही लांब नाही, दुकानाच्या दारातून निघालं तर स्कूटरने अर्धा तास. पण शुक्रवारी तीन वाजता तिथून कोण येणार? सुरुवातीला दोघं दोनदा आली आणि दोन्ही वेळा डॉक्टरला अर्ध्यातून उठावं लागलं, तो उठला की तीही उठायची. पुढे येणं थांबलं. मामांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत आता कुणीही परकं माणूस बसतं. मामांनी तक्रार केली नाही. पण भीतीच्या सीनला त्यांचा डावा हात जरा पुढे सरकतो आणि परत मांडीवर येतो, हे मी पाहिलेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोलायचं धाडस मला झालेलं नाही.

इतकी वर्षं मामा फोन दुकानातच ठेवून यायचे. आता तो खिशात असतो, बंद करून. मध्यंतर झालं की ते बाहेरच्या पायऱ्यांवर जातात, फोन चालू करतात आणि मनीषाला पहिल्या निम्म्या सिनेमाची गोष्ट सांगतात. सुटल्यावर उरलेली निम्मी. कोण कुठल्या रंगाच्या कपड्यात होतं, कुणाच्या कोटाची बाही बसत नव्हती, सगळं येतं त्यात. मी एकदा मनीषाला विचारलं की नंतर तू जाऊन बघतेस का. ती म्हणाली, "एकदा बघितला, दाजी. आण्णांनी सांगितलेलं निम्मं त्यात नव्हतंच. तेव्हापासनं मी नुसता ऐकतो."

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ती फोन उचलेना. मामांनी तीनदा लावला. आत घंटा झाली, लोक आइस्क्रीमच्या काड्या टाकून आत गेले. मी म्हणालो, "मामा, चला, सुरू होतोय." सिनेमाचा एक तुकडाही न सोडणारा तो माणूस जागचा हलला नाही.

"तुम्ही जावा, पावणं."

"अहो, पुढचं चुकेल."

"मागचंच सांगायचं ऱ्हायलंय," मामा म्हणाले. "फुडचं बगून काय करू?"

मीही थांबलो. आत गाणं सुरू झालं. बऱ्याच वेळाने फोन वाजला, आणि मनीषाचा धापा टाकणारा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "आण्णा, गोठ्यात हुतो, फोन घरात ऱ्हायला. तुम्ही आत गेला असशीला, व्हय?"

"न्हाय न्हाय," मामा म्हणाले. "मध्यंतर हाय की अजून." आणि ते पहिल्या सीनपासून सांगू लागले. आतल्या गाण्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून मी मागे वळून थेटरचं दार नीट लावून घेतलं.